गाठीखालचा पिवळा पट्टा

पॅकिंग हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गठ्ठ्यांवर माणसं, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं, खिडक्यांच्या कठड्यांवर माणसं. ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही, ती दारात एकमेकांच्या खांद्यावरून माना लांब करून उभी होती. शनिवारची पाळी केव्हाच सुटली होती, पण घरी जायचं नाव कोणी काढत नव्हतं. एरवी भोंगा वाजायच्या आधीच हीच मंडळी हात धुऊन फाटकाशी उभी असतात.

हॉलच्या मधोमध गॅसच्या शेगडीवर एक मोठं पातेलं खदखदत होतं. पातेल्यात लाल रंग आणि पातेल्यामागे लालबाबा. लाल अंगरखा, लाल उपरणं, दाढीचं टोकही लालसर. बुवाला नुकतंच त्या पातेल्यातून काढून पिळलंय की काय, अशी शंका यावी. शेजारी त्याचा शिष्य उभा होता. त्याचं मौनव्रत होतं म्हणे, म्हणून नाकातोंडावर फडकं बांधलेलं. हातात रबरी मोजे, कारण पवित्र धाग्याला माणसाचा हात लागू नये. तोच धागा पुढे भक्तांच्या उघड्या हातात द्यायचा होता, पण हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. अशा वेळी डोकं बरोबर आणायचं नसतंच.

"हा बघा," बाबाने पिवळट धाग्याची एक लडी उंच धरली. "सुताला रंग चढतो, रेशमाला चढतो, लोकरीला चढतो. ती बिचारी नम्र आहेत. हा अहंकारी आहे. आगीत घातला तरी पेटत नाही, सुरी चालवली तरी कापला जात नाही. मोठी शिकलेली माणसं ह्याच्यापुढे हात टेकून बसलीत. का? कारण त्यांच्याकडे यंत्रं आहेत, भाव नाही."

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. भिंतीला टेकून प्रयोगशाळेच्या बाई उभ्या होत्या.

धाग्याबद्दल बाबा बोलला ते खरं होतं. हा कारखाना मूळचा सुती सूत रंगवणारा. मालकांनी मग हा पिवळा कृत्रिम धागा आणला. आग विझवणाऱ्यांचे कपडे, भट्टीवरचे हातमोजे, उंचावर काम करणाऱ्यांचे दोर ह्याचेच होतात. धागा लोखंडाला भारी पडेल इतका चिवट, पण रंगाच्या बाबतीत महाहट्टी. रंगात उकळून काढा, पुन्हा पिवळाच्या पिवळा. त्याला रंग चढवायचं काम बाईंकडे होतं आणि दर महिन्याच्या बैठकीत बाई मालकांना एकच उत्तर देत: अजून जमलं नाही.

बाबाने शिवणविभागातल्या एका मावशींना पुढे बोलावलं, शिष्याच्या परातीतली एक मोकळी लडी त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि डोळे मिटायला सांगितलं. "मनातलं सगळं मागे सोडा. आता बुडवा."

मावशींनी चिमट्याने लडी पातेल्यात सोडली. बाबा काहीतरी पुटपुटला. ते पुटपुटणं चांगलंच लांबलं, लोकांना खोकल्याची उबळ येईपर्यंत. मग मावशींनी लडी वर काढली. ती लालभडक झाली होती. पाण्यात खळबळली तरी लाल गेला नाही. मावशींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हॉलभर माणसांनी तोंडात बोटं घातली.

नेमका त्याच वेळी वजनकाट्यावरचा कारकून फिस्सकन हसला.

बाबाने त्याला ओढून पुढे आणवलं. "हसतोस? ये, तूही बुडव. तुझ्या मनात काय आहे ते धागाच सांगेल."

शिष्याने परातीच्या दुसऱ्या टोकाची लडी उचलून कारकुनाला दिली. पुन्हा पुटपुटणं, पुन्हा उकळी. कारकुनाने लडी बाहेर काढली आणि ती धुतल्यावर होती तशी पिवळी निघाली.

"पाप," बाबा हळूच म्हणाला. "मी नाही सांगत. धागा सांगतोय."

कारकुनाभोवतीची माणसं दोन पावलं मागे सरकली. रोज त्याच्या डब्यात हात घालणारेसुद्धा. तो बिचारा ती लडी हातात धरून उभा राहिला, कुठे ठेवावी हेही त्याला सुचेना.

मालक बाईंजवळ येऊन उभे होते. "बघितलंत, बाई? तुमच्या प्रयोगशाळेला जे जमलं नाही ते एका पातेल्यात झालं."

बाई मावशींच्या हातातल्या लाल लडीकडे बघत राहिल्या.  खरं सांगायचं तर हे कसं झालं, ते त्यांनाही तिथल्या तिथे सांगता आलं नसतं.

खरा घाला पुढेच होता. बाबाने हात वर केला आणि भिंतीवरचा पडदा बाजूला झाला. मागे जाड दोरांची वेटोळी टांगलेली होती, सगळी लाल. दोर ह्याच कारखान्याचे, ह्याच धाग्याचे; उंच इमारतींच्या काचा धुणाऱ्या टोळीसाठी बाबाने आपल्या आश्रमात रंगवलेले.

"ह्या मुलांचा एक सोबती मागे वरून पडला," बाबा म्हणाला. "जुन्या दोरांना त्या पडण्याची सावली लागलीय. ते टाकून द्या. ह्या लाल दोराला धरलेला माणूस पडत नाही. हत्ती टांगा, तरी तुटणार नाही. उद्या इथेच दोर देईन. सोमवारी बिनधास्त वर जा."

टोळीतली पोरं रांगेने पुढे आली. बाबा परातीतली एकेक लहान मोकळी लडी पातेल्यात लाल करून एकेकाच्या मनगटावर बांधत होता. रांगेतला तिसरा चेहरा दिसला आणि बाई भिंतीपासून पुढे सरकल्या. तो त्यांचा धाकटा भाऊ होता.

*

धाकटा बहिणीकडेच राहायचा. तो, त्याची बायको आणि बाई, असं तिघांचं घर. त्या दिवशी संध्याकाळी तो जेवायला बसला तो शीळ घालतच. त्याची बायको त्याच्याकडे बघून हसत होती. पुष्कळ दिवसांत त्या घरात कोणी शीळ घातली नव्हती.

"ताई, तू तोंड का पाडून बसलीयस?"

"तुझे पाय आता थरथरत नाहीत ना, म्हणून."

त्याने घास खाली ठेवला. "चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. तो दोर वापरू नकोस."

"का?"

"तो कसा रंगवलाय ते मला माहीत नाही. माहीत नसलेल्या दोरावर मी तुला लटकू देणार नाही."

"तुला माहीत नाही, म्हणून वाईट?" त्याचा आवाज चढला. "तुला एवढ्या वर्षांत एक धागा रंगवता आला नाही, त्याचा राग माझ्यावर काढू नकोस."

भावजय म्हणाली, "अहो, हळू."

"हळू काय हळू. हिला काय माहितीय वर काय होतं ते." तो बहिणीकडे वळला. "माझ्या डोळ्यांदेखत पडला तो. माझ्या शेजारच्या दोरावर होता, माझ्याशी बोलत होता. चालायला लागेल म्हणतात डॉक्टर, पण तो कधी वर जाणार नाही. त्या दिवसापासून गच्चीच्या कठड्यावर पाय टाकायचं मनात आलं तरी माझे गुडघे लटलट कापतात. मुकादमाला कळलं तर मला उद्याच घरी बसवेल. आणि आज बाबांनी हे मनगटावर बांधलं आणि थरथर थांबली. थांबली, ताई. तुझ्या शास्त्राने काय दिलं मला?"

 खरंच, बाईंनी काय दिलं होतं? "घाबरू नकोस" म्हणून पाठीवर हात फिरवला होता, बस्स. बुवाने त्याला जे दिलं होतं ते खोटं असलं तरी त्याच्या उपयोगी पडलं होतं, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं.

"तुझा मित्र पडला, तो दोर तुटून पडला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही. कडी नीट लावली नव्हती घाईत."

"मग दोराचा काय दोष?"

 बायकोने धाकट्याच्या ताटात भाजी वाढली, ती त्याने खाल्ली नाही.

बाई म्हणाल्या, "ते मनगटावरचं मला बघायला दे. सकाळी परत देते."

"काढायचं नाही असं बाबांनी सांगितलंय."

"सांगितलंच असणार."

"द्या हो त्यांना," भावजय म्हणाली. तिचा आवाज ठाम होता. "एवढं पक्कं असेल, तर एका बघण्याने काय होणार आहे?"

त्याने चिडून ती लडी मनगटावरून ओढली आणि ताटाशेजारी टाकली.

बाईंनी ती दिव्याखाली धरली. लाल रंग एकसारखा, सुंदर चढला होता. त्यांनी गुंता सोडवून धागे पसरले आणि त्यांचा हात थांबला. लालाच्या मध्ये एका जागी बोटाएवढ्या रुंदीचा आडवा पट्टा पिवळाच राहिला होता. सगळ्या धाग्यांवर त्याच जागी.

रंगकामातल्या माणसाला हा पट्टा ओळखू येतो. लडी कशातही बुडवायची तर ती सुटी होऊ नये म्हणून बांधतात, आणि बांधायची ती सैल. कोणी करकचून आवळली, तर गाठीखाली पाणी शिरत नाही आणि तेवढी जागा कोरी राहते. पण बाबाच्या हॉलमध्ये एकाही लडीला गाठ नव्हती. मावशींच्या ओंजळीतली लडी मोकळी होती, ती बाईंनी डोळ्यांनी बघितली होती. मग हा आवळलेल्या गाठीचा पट्टा आला कुठून?

ह्या लड्या त्याआधी कशात तरी बुडवल्या होत्या. गाठ आवळून.

आणि गाठ अशी आवळणारा एक माणूस बाईंना चांगला माहीत होता. प्रयोगशाळेत नमुने बांधायला होता तो, गेल्या वर्षी न सांगता काम सोडून गेलेला. "अहो, सैल बांधा, आत पाणी जाऊ द्या," असं त्याला रोज सांगावं लागायचं आणि तो रोज आवळून बांधायचा. आता त्याने मौनव्रत घेतलं होतं म्हणे.

*

रविवारी सकाळी बाईंनी प्रयोगशाळा उघडली. ती लडी ताण मोजायच्या यंत्रात लावली आणि कळ दाबली. साध्या पिवळ्या धाग्याला तोडताना ते यंत्र कण्हतं. हा लाल धागा काटा जेमतेम हलतो न हलतो तोच पट्कन तुटला. दुसरा लावला, तोही तुटला. बाईंनी तुटकी टोकं उचलली आणि तशाच मालकांच्या खोलीत गेल्या.

मालक बाबाच्या स्वागताचा फलक कुठे लावायचा, हे एका शिपायाला दाखवत होते.

"हे बघा," बाई म्हणाल्या. "ह्यात चमत्कार नाही, ॲसिड आहे. धागा आधी तीव्र ॲसिडमध्ये भिजवलाय. त्याचे रेणू इतके दाटीने बसलेले असतात की रंगाला शिरायला फट मिळत नाही. ॲसिडने तो फुगतो, वरचं अंग सैल पडतं आणि रंग धरून ठेवायला जागा होतात. मग धुऊन वाळवला की दिसायला पुन्हा होता तसा पिवळा. परातीत एका टोकाला असल्या लड्या आणि दुसऱ्या टोकाला कोऱ्या. कोणाला कुठली द्यायची, ते शिष्य ठरवतो. इतकंच आहे सगळं."

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"कारण हे मीच करून बघितलंय; काल रात्री लडीवरचा गाठीचा पट्टा दिसला तेव्हा लक्षात आलं."

मालकांनी फलक खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला रंग चढवता आला होता? आणि मला दर महिन्याला जमलं नाही, जमलं नाही?"

"जमलं नव्हतंच. रंग चढला, पण धागा तुटला. तुटला त्याचा रंग विचारायचा नाही, हा ह्या कारखान्याचा नियम आहे. तुमच्या वडिलांनी केलेला. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांच्या अक्षरात लावलाय तो."

"बाबांचा रंग लोकांनी डोळ्यांनी बघितलाय," मालक म्हणाले. "दोर विकत घ्यायला माणसं रांग लावतील आता. तुम्हाला जमलं नाही म्हणून दुसऱ्याचं मोडायला निघालात. भाविकांच्या भावना दुखावल्यात तर उद्यापासून येऊ नका."

"सोमवारी त्या दोरावर माझा भाऊ लटकणार आहे."

"मग त्याच्यासाठी श्रद्धा ठेवा," मालक म्हणाले आणि फलक पुन्हा उचलून शिपायाला जागा दाखवायला लागले.

*

रविवारी गर्दी दुप्पट झाली. लोक पोराबाळांना घेऊन आले होते. काचा धुणाऱ्यांची टोळी अगदी पुढे बसली होती. मुकादमाने जुने पिवळे दोर गुंडाळून दाराशी टाकायला आणले होते.

बाबाने पातेलं उकळत ठेवलं आणि सुरुवात केली. "काल ज्यांनी बघितलं नाही..."

"काल ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी मी एक सुचवू का?" बाई पुढे आल्या. "काल ज्याची लडी पिवळी राहिली त्या कारकुनाला आज परातीच्या ह्या टोकाची लडी द्या. आणि ही साधी लडी, मी आत्ता सगळ्यांसमोर रिळावरून काढलेली, ती बाबांनी स्वतः बुडवावी. बाबांच्या मनात तर भाव काठोकाठ असणार."

हॉलमध्ये कुजबूज झाली. मालक उठून उभे राहिले. "बाई, खाली बसा."

"बसते. लडी बुडाली की बसते."

बाबाला हसू काही नीट जमेना. "आम्ही परीक्षा देत नाही, ताई. आम्ही परीक्षा घेतो."

"काल तुम्ही ह्या माणसाची घेतलीत ना? घरी त्याच्या बायकोने त्याला विचारलं, तुम्ही काय पाप केलंत म्हणून. एका लडीपायी. तर आज त्याला दुसरी लडी द्या, एवढंच म्हणतेय."

"द्या की," मागून कोणीतरी म्हणालं. मग आणखी दोघाचौघांनी तेच म्हटलं. काल रडलेल्या मावशी उठल्या, परातीशी गेल्या आणि शिष्याने हात आडवा घालायच्या आत बाईंनी दाखवलेल्या टोकाची एक लडी उचलून त्यांनी कारकुनाच्या हातात कोंबली.

कारकुनाने ती बुडवली. पुटपुटायला कोणी नव्हतं. तरी लडी लालभडक निघाली.

मग सगळ्यांनी बाबाकडे बघितलं. बाबाने बाईंची लडी पातेल्यात सोडली ती अगदी नाइलाजाने. पुटपुटला, डोळे मिटले, हात वर केले, पुन्हा पुटपुटला. लडी वर आली, पाण्यात खळबळली. थोडी ओली होती, बाकी पिवळीच्या पिवळी.

"पाप," कारकून म्हणाला. "मी नाही सांगत. धागा सांगतोय."

हॉल खो खो हसला. बाबाचं तोंड रंगापेक्षा लाल झालं. त्याने आवाज चढवला. "ही नास्तिक बाई ह्या हॉलमध्ये आहे तोवर धागा बिथरणारच. पण दोर आश्रमात रंगवलेत, ह्यांची सावलीही न पडता. त्या दोरांना काही होणार नाही."

"हत्ती टांगला तरी तुटणार नाहीत, असं काल म्हणालात."

"म्हणालो. आजही म्हणतो."

"हत्ती मिळाला नाही. सुताचा गठ्ठा चालेल का?"

हॉलच्या छताला गठ्ठे उचलायची साखळीची कप्पी होती. बाबा काही बोलायच्या आत धाकटा उठला. त्याचे डोळे तांबारलेले होते.

"गठ्ठा कशाला?" तो म्हणाला. "मी लटकतो. सोमवारी लटकणारच आहे, आज लटकतो. ताई, माझा विश्वास आहे ह्या दोरावर."

त्याने लाल दोर उचलला. बाईंनी दोराचं दुसरं टोक धरलं. 

"लटक," त्या म्हणाल्या. "पण आधी तुझ्या वजनाचा गठ्ठा लटकू दे. तो टिकला तर मी स्वतः तुला वर चढवीन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. जन्मभर नाही उघडणार."

धाकट्याने बहिणीकडे बघितलं. लहानपणापासून तिने दिलेला शब्द मोडलेला त्याला आठवत नव्हता. तो गेला आणि वजनकाट्यावर उभा राहिला.

कारकुनाने काटा बघितला, मग सूत काढत, घालत तेवढ्याच वजनाचा गठ्ठा बांधला. मुकादमाने लाल दोर कप्पीवरून टाकला आणि आपल्या हाताने गाठ मारली. गाठीच्या बाबतीत तो कोणाचं ऐकत नसे. गठ्ठा वर गेला. दोर ताठ झाला आणि गठ्ठा लोंबकळत राहिला.

बाबाने हात जोडले. "बघा. बघा, बाळांनो."

"पाय घसरला तर काय होतं?" बाईंनी मुकादमाला विचारलं.

"हातभर खाली येतो माणूस. मग दोर झटक्याने धरतो."

"मग हातभर खाली येऊ दे."

मुकादमाने टोळीतल्या दोघांना घेऊन गठ्ठा हातभर उचलून धरला आणि सोडला. फाडकन आवाज झाला. गठ्ठा फरशीवर आदळला आणि सूत चहूकडे उधळलं. कप्पीवरून लाल दोराचं पिंजलेलं टोक हलत राहिलं. आतला धागा लालही नव्हता. भुसकट झालेला, तपकिरी, बोटांनी चुरगळला तरी गळून पडणारा. जाड दोराच्या पोटात ॲसिड शिरलं होतं आणि ते धुऊन काढायची अक्कल कोणाला नव्हती. दोर आश्रमात खुंटीवर शांत टांगलेला असतानाही आतून खाल्ला जात होता.

 गठ्ठा फुटून पडला होता त्याच्याकडे धाकटा बघत होता. ते त्याचं वजन होतं. भावजय गर्दीतून पुढे आली आणि त्याच्या दंडाला धरून उभी राहिली.

"दोराने तुमच्यावरचं संकट आपल्यावर घेतलं," बाबा घाईघाईने म्हणाला. "हा तर आणखी मोठा..."

"तोंड बंद कर," धाकटा म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "तोंड बंद कर, नाहीतर ह्या दुसऱ्या दोराने तुला टांगतो."

शिष्य तोवर दाराकडे सरकला होता. मावशींनी त्याची वाट अडवली. बाईंनी जवळ जाऊन त्याचे रबरी मोजे ओढले. बोटांची टोकं काळपट भाजलेली होती.

"नमुनेवाले," बाई म्हणाल्या, "अजून आवळूनच बांधता."

त्याने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. मौनव्रत सुटलं. "रंग तुमचाच आहे, बाई. तुम्ही दडवून ठेवलात. मी लोकांपुढे आणला. तुम्ही आणला असता, तर लोकांनी वाहवा केली असती तुमची."

"दडवला नव्हता, नापास केला होता. यंत्रात धागा तुटताना तुम्ही शेजारी उभे होता. तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही त्याचे दोर केलेत."

त्याने फडकं पुन्हा तोंडावर ओढलं. पोलीस येईपर्यंत ते खाली केलं नाही. बाहेर बाबाच्या गाडीत ॲसिडचे कॅन निघाले. काही जण बाबाला बुकलायला धावले, तेव्हा बाईच मध्ये उभ्या राहिल्या. "काल तुम्हीच ह्याच्यापुढे हात जोडले होते," त्या म्हणाल्या. "आज हात उगारू नका. हात दोन्ही वेळा चुकीच्या कामाला लागलेत."

मालक खुर्चीवर बसून होते. बाई जवळून जाताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "मग रंग चढायचाच नाही का ह्याला?"

"चढेल. सौम्य ॲसिड, थोडाच वेळ, आणि मग चांगलं धुणं. किती सौम्य आणि किती वेळ, तेच शोधतेय मी. जमलं की सांगेन. त्याला पुटपुटणं लागणार नाही."

*

लालबाबा काही एकटाच नाही. दुसरा येईल, त्याचं पातेलं निराळं असेल, रंग निराळा असेल. तो पुढे उभा राहिला तर भांडू नका आणि घाबरू नका. एवढंच विचारा: ह्या माणसाच्या हातातलं त्या माणसाच्या हातात देऊन बघू का? भार टाकून बघू का? खरं असेल त्याला ह्या प्रश्नांनी काही होत नाही. आणि जो ह्या प्रश्नांवर चिडतो, त्याचं पातेलं तिथेच विझवा.

सोमवारी सकाळी बाई त्या उंच इमारतीच्या गच्चीवर गेल्या. मुकादमाने त्यांना हटकलं नाही. धाकटा जुना पिवळा दोर घेऊन बसला होता. हातभर हातभर करत सगळा दोर त्याने बोटांखालून सरकवला, वाकवून बघितला, ताणून बघितला. मग कडी लावली, ओढून बघितली आणि शेजारच्या माणसाची कडीही ओढून बघितली. कठड्यावर पाय टाकताना त्याचे गुडघे लटलट कापत होते.

"भीती वाटतेय?" बाईंनी विचारलं.

"वाटतेय."

"वाटू दे. काल वाटत नव्हती तेव्हा तू दोर बघितला नव्हतास."

त्याने पुन्हा एकदा कडी ओढून बघितली आणि खाली उतरला.